धक्का वाचवायचा की नट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'हीट' पाहून तुम्ही भारावलात, त्याच जोशात रॉबर्ट डी नीरो आणि अल पचिनो यांचा 'राइचस किल' लावलात आणि तासाभरात घड्याळाकडे बघायला लागलात. नट तेच, गोष्ट पुन्हा पोलिसांचीच. 'हीट'मध्ये जेमतेम दहा मिनिटं समोरासमोर आलेले हे दोघे इथे सिनेमाभर शेजारी शेजारी. मग माशी शिंकली कुठे? वय झालं, पाट्या टाकल्या, की दिग्दर्शक कमी पडला? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत की तुम्ही स्वतः दोन मुरलेल्या पोलिसांची पटकथा लिहिताय, शेवटी त्यातलाच एक खुनी निघतो, तर यातून काय घ्यावं.

मला खरा प्रश्न त्या जाता जाता टाकलेल्या वाक्यात दिसतो. दोन मोठे नट वाया का गेले, हे विचारण्यापेक्षा शेवटच्या धक्क्याची किंमत सिनेमात कोण मोजतं, हे विचारायला हवं. माझं उत्तर: बहुतेक वेळा नट मोजतो.

मी 22 वर्षं संकलन करतोय. रहस्यपट त्यात मोजकेच, पण डोकं सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्लंय. नट चांगला की वाईट हे पडद्यावर ठरतं असं लोकांना वाटतं. आम्ही एडिट टेबलवर न वापरलेले टेकही, म्हणजे त्याच शॉटचे इतर प्रयत्नही, पाहतो, त्यामुळे ठरतं कुठे ते कळतं. 'राइचस किल'च्या बाबतीत मात्र मीही तुमच्यासारखाच बाहेरचा प्रेक्षक आहे. जे पडद्यावर दिसतं त्यावरून, आणि अशा सिनेमांशी केलेल्या झटापटीवरून बोलतो. शेवट सांगितल्याशिवाय यातलं काहीच बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं.

आधी अपेक्षा एवढी का होती ते बघू. 1974 च्या 'द गॉडफादर पार्ट टू'मध्ये दोघे होते, पण एकही फ्रेम एकत्र नाही. डी नीरो तरुण व्हिटो, पचिनो त्याचा मुलगा मायकल, आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात घडणाऱ्या. मग 21 वर्षांनी 'हीट'. त्यात पचिनो लॉस एंजेलिसचा पोलीस अधिकारी व्हिन्सेंट हॅना, डी नीरो दरोडेखोर नील मकॉली. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, आणि दोघे एकमेकांशी खऱ्या अर्थाने बोलतात ते एकदाच, कॉफीच्या टेबलावर. त्यानंतर 2008 मध्ये कोणीतरी म्हणालं असणार, की सहा मिनिटांनी लोक एवढे वेडे झाले तर पूर्ण सिनेमा एकत्र दिला तर काय होईल! हिशेब वरवर बिनचूक आहे. मीठ चिमूटभर चांगलं लागलं म्हणून मूठभर टाकायचं, तसा.

आता त्या कॉफीच्या प्रसंगाकडे जरा जवळून बघा, कारण तुमच्या कामाचं बरंच काही तिथे आहे. हॅना महामार्गावर मकॉलीची गाडी थांबवतो आणि चक्क कॉफी प्यायला बोलावतो. दोघांना एकमेकांचा धंदा माहीत आहे. आपल्यालाही माहीत आहे. हॅना स्वप्न सांगतो, त्यात मेलेली माणसं टेबलाभोवती बसून त्याच्याकडे बघतायत. मकॉली बुडण्याचं स्वप्न सांगतो. आणि दोघेही अत्यंत सभ्यपणे एकमेकांना सांगतात, की वेळ आली तर मी तुला सोडणार नाही. आवाज चढत नाही, टेबलावर मूठ आपटली जात नाही. तरी प्रत्येक वाक्यात धार आहे, कारण समोरच्याला काय हवंय आणि आपल्याला ते का देता येणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

चित्रीकरणाची गंमतही ऐका. दिग्दर्शक मायकल मानने तो प्रसंग बेव्हर्ली हिल्समधल्या 'केट मँटिलीनी' या रेस्तराँमध्ये घेतला. दोन कॅमेरे एकाच वेळी, एकेकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. म्हणजे एकाने भुवई उचलली की दुसऱ्याने त्याच क्षणी दिलेलं उत्तरही फिल्मवर आलं. वेगवेगळ्या वेळी घेतलेले क्लोज-अप जोडून ही चकमक उभी करता येते, आम्ही रोज करतो, पण ती केलेली कळते. बाजूने दोघे दिसतील असा तिसरा कॅमेराही लावला होता. तो शॉट अंतिम कटमध्ये घेतलाच नाही, कारण तिकडे गेलं की ताण सैल व्हायचा. याचाच परिणाम म्हणून 'दोघे त्या दिवशी सेटवर एकत्र नव्हतेच' अशी अफवा वर्षानुवर्षं चालली. जे वापरलं त्यातलं बहुतेक अकराव्या टेकमधलं आहे.

आणि याच्याही आधीची गोष्ट. चक अ‍ॅडमसन नावाच्या शिकागोच्या पोलिसाने 1960 च्या दशकात खऱ्याखुऱ्या नील मकॉलीबरोबर अशीच कॉफी घेतली होती, आणि पुढे चकमकीत त्याला मारलंही. मानने त्यावरून 1989 मध्ये 'एल. ए. टेकडाउन' हा टीव्हीपट केला. कॉफीचा प्रसंग त्यातही आहे, फारशा नाव नसलेल्या नटांबरोबर. शोधून बघा. अभिनय बेताचा आहे, पण प्रसंग उभा राहतो. म्हणजे पाया लिखाणात होता. दिग्गजांनी त्यावर मजले चढवले.

आता 'राइचस किल'. जॉन अ‍ॅव्हनेट दिग्दर्शक, पटकथा रसेल गेविर्ट्झची. त्याचीच 'इनसाइड मॅन' ही 2006 ची बँक-दरोड्याची पटकथा चांगली बांधलेली होती, तेव्हा लेखक कच्चा होता असं म्हणायची सोय नाही. टर्क म्हणजे डी नीरो आणि रूस्टर म्हणजे पचिनो, न्यूयॉर्क पोलिसांतली जुनी जोडी. कायद्याच्या हातून निसटलेल्या गुन्हेगारांचे खून पडायला लागतात, प्रेताजवळ चार ओळींची कविता सापडते, आणि संशय पोलिसांवरच येतो. सिनेमा सुरू होतो तोच डी नीरोच्या कबुलीजबाबाने. व्हिडिओवर, सरळ कॅमेऱ्यात बघून. अधूनमधून तो येत राहतो. शेवटी कळतं की तो स्वतःची कबुली देतच नव्हता. खुनी रूस्टर आहे आणि त्याने आपली रोजनिशी टर्कला कॅमेऱ्यासमोर वाचायला लावलीय. सिनेमाभर दोघांना सगळे टोपणनावाने हाक मारतात, म्हणून कबुलीजबाबातलं खरं नाव नेमकं कोणाचं, हे आपल्या लक्षात येत नाही. कागदावर वाचलं तर क्लृप्ती झकास आहे. मी निर्माता असतो तर बहुतेक मीही फसलो असतो.

पडद्यावर मात्र पहिली अडचण पोस्टरपासूनच सुरू होते. दोन चेहरे, दोघे सारखेच मोठे. सिनेमा पहिल्या मिनिटापासून एकाकडे बोट दाखवतोय. रहस्यपट बघणाऱ्याला एवढं माहीत असतं की सुरुवातीला ज्याच्याकडे बोट दाखवलं तो नसतो. मग राहिलं कोण? जॉन लेग्विझामो आणि डॉनी वॉलबर्ग तरुण अधिकारी आहेत, पण पचिनोला घेऊन खुनी लेग्विझामो काढण्यासाठी कोणी 6 कोटी डॉलर घालत नाही. दोनातून एक वजा. विसाव्या मिनिटाला ज्याचं उत्तर आलं त्याने उरलेली ऐंशी मिनिटं करायचं काय? तुम्ही घड्याळ बघायला लागलात ते इथे.

पण ही अडचण छोटी. खुनी ओळखू आलेला असतानाही सिनेमे रंगतात. दुसरी अडचण मोठी आहे आणि ती फक्त आमच्या टेबलावर दिसते.

काही वर्षांपूर्वी याच घाटाचा एक सिनेमा माझ्याकडे आला होता. एक वयस्क, अतिशय ताकदीचा नट, आणि त्याचं पात्र खुनी असल्याचं शेवटी कळणार. एका प्रसंगात फोन येतो, प्रेत सापडलं. खोलीत चार माणसं आहेत, हा त्यातला एक. पाच टेक होते. तिसऱ्या टेकमध्ये बातमी ऐकता ऐकता त्याने हातातल्या पेनला टोपण लावलं. बस्स. सावकाश, टक् असा आवाज येईपर्यंत. बाकीच्यांना बातमी नवी होती, याला नव्हती, आणि याच्यापुढे आता एक लांबलचक दिवस होता. हे सगळं त्या टोपणात आलं होतं. मी तो टेक लावला आणि स्वतःवर खूश झालो. रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जुळणी, पाच जणांना दाखवली. चौघांनी तिथेच खुनी ओळखला.

टेक काढावा लागला. त्याच्या जागी पाचवा लावला, ज्यात तो नुसता बघतो. मग पुढच्या प्रसंगात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. नटाने जिथे जिथे खरं काही केलं होतं तिथे तिथे रहस्य गळत होतं, आणि आम्ही एकेक भोक बुजवत गेलो. बुजवायचं म्हणजे चांगला टेक काढून कोरा टेक घालायचा, किंवा त्याच्या चेहऱ्यावरून कट करून दुसऱ्याकडे जायचं. सिनेमा लागला तेव्हा त्या नटाबद्दल 'यांत्रिक' असा शब्द छापून आला. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

म्हणून 'राइचस किल'मध्ये पचिनो च्युइंगम चघळत, शेरे मारत, जरा बाजूबाजूने वावरताना दिसतो तेव्हा मला आळस दिसत नाही. मला अशा माणसाची पंचाईत दिसते ज्याला पात्राच्या पोटात काय चाललंय ते शंभर मिनिटं दाखवायची बंदी आहे. डी नीरोची अडचण उलटी: त्याने संशयित वाटायचंय, म्हणून कारण असो नसो भडकायचं. एकाने काही दाखवायचं नाही, दुसऱ्याने खोटंच दाखवायचं. अशा दोघांना शेजारी बसवून कितीही कॅमेरे लावा, जुगलबंदी होणार कशी? दोघांना आपला राग लपवूनच गायला सांगितलंय.

आणि आता सगळ्यात हळहळ वाटते ती गोष्ट. गोष्टीच्या मुळाशी एक जबरदस्त प्रसंग आहे. एका लहान मुलीच्या खुनाच्या खटल्यातून सुटलेल्या माणसाला अडकवण्यासाठी टर्क खोटा पुरावा पेरतो, आणि रूस्टर ते बघतो. रूस्टरने या माणसाला आयुष्यभर आदर्श मानलंय. त्या दिवशी त्याच्या आत काहीतरी तुटतं आणि पुढचे सगळे खून तिथून निघतात. म्हणजे टर्कने एकदा नियम वाकवला आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र त्यातून खुनी झाला! दोन म्हातारे पोलीस, एकाचं पाप आणि दुसऱ्याने काढलेला त्याचा अर्थ. यावर तर दोघांनी एकमेकांचा जीव घेतला असता, अभिनयाने. पण हे दोघांना आपसात बोलता येत नाही, कारण बोलले की धक्का फुटला. ते सगळं शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवलंय, आणि तोवर सिनेमा संशयितांची नावं खोडत बसतो. श्रीखंड फ्रीजमध्ये ठेवून पाहुण्यांना तासभर पापड वाढल्यासारखं झालंय. शेवटी रूस्टर गोळी लागून पडलेला असताना दोघांमध्ये जे घडतं, त्यात क्षणभर जुने दोघे दिसतात. अगदी क्षणभर.

तुमच्या तीन संशयितांबद्दलही बोलायला हवं. वयाचं म्हणाल तर सिनेमा आला तेव्हा डी नीरो 65 चा, पचिनो 68 चा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गुन्हेगारांमागे धावणारे अधिकारी म्हणून जरा खटकतात, मान्य. पण हे कारण टिकत नाही, ते पुढे सांगतो. आळस? बाहेरून कोणालाच ठरवता येत नाही, आणि मला त्यात रस नाही. त्या वर्षी पचिनोला गोल्डन रॅझ्बेरी या वाईट सिनेमांच्या थट्टा-पुरस्कारांत सर्वात वाईट अभिनेत्याचं नामांकन मिळालं, या सिनेमासाठी आणि '88 मिनिट्स'साठी मिळून. दोन्हींचा दिग्दर्शक अ‍ॅव्हनेटच, त्यामुळे दिग्दर्शकाची बाजू अगदीच मोकळी सोडता येत नाही. सतत हलणारा कट, चमचम करणारे तुकडे, दोन नटांना एका फ्रेममध्ये शांत बसू न देण्याची घाई, हे त्याच्या आणि संकलनाच्या खात्यात जातं. पण त्याच माणसाने 1991 मध्ये 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज' केला होता, माणसांच्या नात्यांवरचा, आणि नीट केला होता. नाती हाताळता येतात त्याला. इथे हाताळायला नातंच दिलं नव्हतं.

वयाचं कारण टिकत नाही म्हटलं ते 2019 च्या 'द आयरिशमन'मुळे. मार्टिन स्कॉर्सेसीचा सिनेमा, साडेतीन तासांना एकच मिनिट कमी. डी नीरो तेव्हा 76 चा, पचिनो 79 चा. संगणकाने त्यांना तरुण केलंय, चेहरा चाळिशीतला आणि चाल आजोबांची असं काही ठिकाणी होतं, ते हसू आणतं. तरीही दोघे एकत्र आले की सिनेमा पेटतो. पचिनो कामगार नेता जिमी हॉफा, डी नीरो त्याचा विश्वासू फ्रँक शीरन. सत्कार समारंभाच्या रात्री शीरन हॉफाला समजावतो, ऐक, वरच्यांचं ठरलंय. हॉफा ऐकत नाही. आपल्याला कळतं, शीरनला कळतं, फक्त हॉफाला कळून घ्यायचं नाहीय. नंतर शीरन स्वतःच त्याला गोळी घालतो आणि मग त्याच्या बायकोला सांत्वनाचा फोन करतो. त्या फोनवर डी नीरोला वाक्य पूर्ण करता येत नाही. शब्द अडखळतात, अर्धे गिळले जातात. मित्र मित्राला मारतो, हा सांगाडा 'राइचस किल'पासून काही फार लांब नाही. पण इथे प्रेक्षकाला आधीच सगळं माहीत आहे, म्हणून नटाला काहीही लपवावं लागत नाही. त्या फोनचा एकही टेक रहस्य फोडतो म्हणून टाकावा लागला नसणार.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: दोघांना एकत्र आणलं, पण दोघांमध्ये जे होतं ते प्रेक्षकापासून लपवलं, आणि लपवण्याचं काम नटांच्या चेहऱ्यांवर टाकलं. बाकीचे दोष याच्यानंतर.

आता तुमची पटकथा. सरसकट 'धक्का काढून टाका' असं मी म्हणणार नाही, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुमचे दोन्ही नट अनोळखी असतील तर वजाबाकीची अडचण बरीच कमी होते. खुनी पात्र गर्दीतलं असेल, पडद्यावर पंधरा मिनिटंच असेल, तर त्याचा चेहरा कोरा ठेवणं परवडतं. पण तुमचा खुनी दोन नायकांपैकी एक आहे, म्हणजे प्रत्येक दुसऱ्या प्रसंगात आहे. त्याला शंभर पानं कोरं ठेवणं म्हणजे अर्धा सिनेमा कोरा ठेवणं.

एक काम करून बघा. पटकथा बाजूला ठेवा आणि फक्त खुनी पोलिसाच्या बाजूने प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा: या क्षणी त्याला जोडीदाराकडून काय हवंय? खुनी म्हणून, मुखवट्याने नव्हे. 'संशय येऊ नये' हे उत्तर सारखंसारखं आलं तर तिथे नटाला करायला काही नाही. 'याने मला ओळखावं आणि तरी माझ्या बाजूने उभं राहावं' असं काही आलं, तर तो प्रसंग धक्क्याआधीही चालतो आणि दुसऱ्यांदा पाहतानाही चालतो. माझ्या त्या पेनाच्या टोपणासारख्या गोष्टी अशाच ठिकाणी सापडतात, आणि लिखाणात थोडी दुसरी शक्यता सोडलेली असली की त्या कापाव्या लागत नाहीत. समजा त्याच प्रसंगात त्या पात्राची त्या दिवशी निवृत्तीची कागदपत्रं आलेली असती, तर टोपण लावण्याचे दोन अर्थ निघाले असते. आम्हाला तो टेक ठेवता आला असता. त्यासाठी लेखकाची एक ओळ पुरली असती.

तेवढ्याने भागलं नाही, तर धक्का शेवटावरून उचलून मध्यावर आणा. पन्नासाव्या पानाला प्रेक्षकाला कळू दे खुनी कोण ते, जोडीदाराला कळू देऊ नका. मग उरलेल्या पन्नास पानांत दोघे गाडीत बसून नुसता चहा प्यायले तरी चालेल. निर्माता कुरकुर करेल, क्लायमॅक्सला काय उरलं म्हणून विचारेल. त्याला सांगा, जोडीदाराला कळतं तो क्षण उरलाय. तो प्रसंग आधी लिहून ठेवा, सगळ्यात आधी, आणि दोघांपैकी कोण पहिल्यांदा नजर वळवतं ते ठरलं की मला कळवा.